हिवऱ्याचा अर्क, नरक्याचे झाड आणि संगणकाची चाळण

धागा : औषध शोधण्याच्या दोन पद्धतींपैकी सरस कोणती, हे कसे ठरवावे? आज हा प्रश्न संगणकाला विचारला जातो. जुन्नर परिसरात तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, एका बागेत, अर्काच्या बरण्यांसमोर.

शिवनेरी, नाणेघाट आणि लेण्याद्री यांच्या गर्दीत जुन्नरच्या इतिहासातील एक पान सहसा उलटलेच जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जुन्नरजवळ हिवरे येथे कंपनी सरकारची वनस्पती-बाग होती. पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाची ही उपशाखा. तिचा कारभार पाहणारा अधिकारी होता डॉ. अलेक्झांडर गिब्सन (१८००–१८६७), एक स्कॉटिश शल्यवैद्य. दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर त्याची नेमणूक होती. १८३८ पासून दापोडीच्या उद्यानाची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डाल्झेल या सहकाऱ्याबरोबर त्याने लिहिलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

हिवऱ्याच्या बागेचे काम केवळ शोभेचे नव्हते. तेथे औषधी वनस्पतींची लागवड होई आणि त्यांचे अर्क काढून मुंबईच्या सरकारी औषध भांडाराला पुरवले जात. त्यांतील महत्त्वाचा अर्क खुरासानी ओव्याचा, म्हणजे हायोसायमसचा. वेदना, पेटके आणि निद्रानाश यांवर त्या काळचे डॉक्टर तो सर्रास देत. विलायतेहून येणारी औषधे महिनोन्महिने जहाजात पडून राहत, दमट हवेत बिघडत आणि महागही पडत. तेच औषध जुन्नरच्या मातीत पिकले, तर लष्कराचा खर्च वाचणार होता.

पण येथेच खरी अडचण सुरू होते. हिवऱ्याचा अर्क विलायती अर्काइतका गुणकारी आहे, हे कळणार कसे? हायोसायमीन हे त्यातील प्रभावी अल्कलॉइड १८३३ मध्ये वेगळे काढण्यात आले होते. परंतु बरणीतील अर्कात ते नेमके किती आहे, हे मोजण्याची सोपी रीत तेव्हाच्या भांडारांत नव्हती. जमीन, हवामान, झाडाचे वय, पाने तोडण्याचा हंगाम, यांपैकी काहीही बदलले की अर्काची ताकद बदलते. म्हणजे तुलना करायची ती रोग्याच्या अंगावरच. एका डॉक्टरने तरुण शिपायाला ताजा देशी अर्क दिला आणि दुसऱ्याने थकलेल्या रोग्याला बोटीवर सहा महिने पडलेला विलायती अर्क दिला, तर त्या दोन अनुभवांवरून अर्कांविषयी काय सिद्ध होते? काहीच नाही. रोगी वेगळा, मात्रा वेगळी, डॉक्टर वेगळा. शिवाय बरणीवरची चिठ्ठी डॉक्टरने आधीच वाचलेली.

ही अडचण मुंबईत पुढे एका भयंकर प्रसंगी सोडवावी लागली. १८९६ मध्ये शहरात प्लेग शिरला. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग आल्यावर कैद्यांना ती देण्यात आली; पण तेथे जे तयार झाले त्यांनी टोचून घेतली. स्वतःहून पुढे येणारा माणूस आणि मागे राहणारा माणूस प्रकृतीने व स्वभावाने सारखेच असतील असे नाही. १८९८ मध्ये उमरखाडीच्या तुरुंगात मात्र कैद्यांना ओळींत बसवून एकाआड एक लस टोचण्यात आली. कोठडी तीच, अन्न तेच, उंदीर आणि पिसवाही त्याच. फरक फक्त लशीचा. आजच्या दृष्टीने कैद्यांवरचा हा प्रयोग नैतिकदृष्ट्या खटकतो, आणि खटकायलाच हवा. परंतु तुलनेच्या शास्त्रात त्या ओळींनी मोठे पाऊल टाकले, हेही खरेच.

आता विसाव्या शतकात येऊ. गिब्सन ज्या खानदेशात देवी टोचत फिरला, त्याच खानदेशातील नंदुरबार येथे १९२५ मध्ये मनसुख वाणी यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठात शिक्षण, त्यानंतर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट आणि १९६२ पासून नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट. तेथे मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी कर्करोगाविरुद्धचे दोन थोर रेणू जगाला दिले. १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये टॅक्सॉल. एका नंदुरबारकराचे नाव या दोन्ही शोधनिबंधांवर आहे, हे महाराष्ट्रातील किती शाळांत सांगितले जाते?

त्या काळची चाळण जिवंत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हजारो वनस्पतींचे अर्क जमवले आणि ते रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांना टोचून पाहिले. ‘एल-१२१०’ हे त्या उंदरांतील कर्करोगाच्या प्रकाराचे नाव. कॅम्प्टोथेसिन या चाळणीतून लखलखीतपणे वर आले. टॅक्सॉलची कामगिरी तेथे जेमतेमच होती. पुढे ‘बी-१६’ या वेगळ्या प्रकारच्या गाठींवर त्याचा प्रभाव दिसला, तेव्हा कुठे १९७७ मध्ये त्याची औषध म्हणून पुढील विकासासाठी निवड झाली. म्हणजे लाखो रुग्णांना दिला गेलेला रेणू केवळ चाळणीच्या भोकांचा आकार जुळला नाही म्हणून काही वर्षे मागे पडून राहिला. चाळण आपल्या भोकांच्या मापाचेच दाणे निवडते. ते दाणे पेरण्यालायक आहेत की नाहीत, हे ती सांगत नाही. अमेरिकन संस्थेने १९९० च्या सुमारास उंदरांची ती मुख्य चाळण बाजूला ठेवली आणि मानवी कर्कपेशींच्या साठ वाणांवर चाचण्या सुरू केल्या.

कॅम्प्टोथेसिनचा सह्याद्रीशी थेट संबंध आहे. वाणी आणि वॉल यांना ते एका चिनी झाडात सापडले होते. १९७२ मध्ये मुंबईच्या गोरेगावातील सीबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य पश्चिम घाटातील एका झाडात दाखवून दिले. हे झाड म्हणजे नरक्या. फुलांना आणि लाकडाला घाण वास, म्हणून त्याच्या एका जुन्या शास्त्रीय नावातच ‘दुर्गंधी’ असा शब्द होता. आजच्या शास्त्रीय नावातील ‘निम्मोनियाना’ हा शब्द निम्मो या मुंबईतील वनस्पतीप्रेमीच्या नावावरून आला आहे आणि त्याचे मूळ १८३९ च्या ग्रॅहॅम यांच्या वनस्पती-सूचीत, म्हणजे गिब्सनच्याच काळात. आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकरच्या रानातही नरक्या आढळतो. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालेले हे रान. तेथील महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या बाळहिरडा गोळा करून वाळवतात आणि विकतात. नरक्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नसे. पाहणारे पुढे बाहेरून आले.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी कॅम्प्टोथेसिनच्या सोडियम क्षाराच्या चाचण्या माणसांवर झाल्या आणि थांबवाव्या लागल्या. रुग्णांच्या मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. कारण नंतर समजले. पाण्यात विरघळावा म्हणून रेणूतील एक कडे उघडले होते. उघडे कडे निष्प्रभ होते, पण आम्लधर्मी मूत्रात ते पुन्हा मिटे आणि तेथेच विष होई. उंदरांच्या चाळणीने यातले काही सांगितले नव्हते.

१९८५ मध्ये त्याचे नेमके लक्ष्य सापडले : टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर. पेशी विभागताना डीएनएला पीळ पडतो. हे विकर त्याचा एक धागा क्षणभर कापते, पीळ सोडवते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या फटीत पाचरीसारखे बसते. धागा जुळत नाही आणि कर्कपेशी मरते. याच कुळातील टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

येथून संगणकाचा प्रवेश होतो. प्रथिनाच्या खोबणीत रेणू कसा बसेल, याचे गणित संगणकावर मांडणे म्हणजे डॉकिंग. कुलूप आणि किल्ली ही उपमा एमिल फिशर यांनी १८९४ मध्येच दिली होती. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत आयर्विन कुंट्झ आणि सहकाऱ्यांनी त्या उपमेचा प्रत्यक्ष संगणकीय कार्यक्रम बनवला. पुढे लाखो किल्ल्या एकामागून एक त्याच कुलपाला लावून पाहायच्या, प्रत्येकीला गुण द्यायचे आणि वरच्या थोड्या किल्ल्याच प्रयोगशाळेत तपासायच्या, अशी रीत पडली. हीच आभासी चाळण. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यानंतर अशी अवाढव्य गणिते भारतातही आवाक्यात येत गेली.

चाळणी अनेक झाल्या आणि प्रत्येक कर्ता आपलीच उत्तम म्हणू लागला. जो तो स्वतःच निवडलेल्या कुलपावर स्वतःची किल्ली लावून दाखवी. हिवऱ्याचा अर्क हिवऱ्याच्याच माणसाने तपासावा, तसाच हा प्रकार.

नरक्याच्याच रेणूचे उदाहरण घ्यावे. कॅम्प्टोथेसिन नुसत्या विकराला धरत नाही म्हणावे इतके क्षीणपणे धरते. नुसत्या डीएनएचेही तसेच. दोन्ही एकत्र येऊन धागा कापला गेला की मगच बसण्याची जागा तयार होते. टोपोटेकान त्या फटीत बसलेले दाखवणारी स्फटिक-रचना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. समजा, दोन डॉकिंग कार्यक्रमांची स्पर्धा लावली आणि कुलूप म्हणून डीएनएविना नुसते विकर दिले. एकाने नरक्याचा रेणू वर आणला, दुसऱ्याने तळाला टाकला. जिंकला कोण? खरे तर पहिल्याने चुकीच्या कारणासाठी बरोबर उत्तर दिले आणि दुसऱ्याने दिलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिले. कुलूपच चुकीचे असेल तर कुलूपकारांची स्पर्धा व्यर्थ आहे.

इरिनोटेकान आणखी एक धडा देते. ते औषध म्हणून गुणकारी असले, तरी स्वतः विकरावर फारसे काम करत नाही. शरीरात त्याचे एसएन-३८ नावाच्या रेणूत रूपांतर होते आणि तो शेकडो पटींनी प्रभावी असतो. ‘गुणकारी रेणूंची यादी’ म्हणून औषधांची नावे जशीच्या तशी कसोटीत टाकणाऱ्याने इरिनोटेकानला ‘सक्रिय’ ठरवले, तर ते खाली टाकणाऱ्या उत्तम चाळणीला तो विनाकारण गुण कापेल.

दुसरी पळवाट अधिक सूक्ष्म आहे. पुष्कळदा कुलूप म्हणून जी प्रथिन-रचना घेतात, ती मुळात त्याच किल्लीभोवती घडलेली असते. रेणू काढून घ्यायचा आणि तोच परत बसवायचा. साच्यातून काढलेली मूर्ती साच्यात बसली, यात नवल कसले? खरी परीक्षा म्हणजे एका रेणूसह मिळालेल्या रचनेत दुसरा रेणू बसवून पाहणे. तेथे भल्याभल्यांचे गुण उतरतात. आणि तयार रेणूचा आकार स्फटिकातूनच उचललेला असेल, तर तो आधी मोडून, सरळ करून मगच संगणकाला द्यावा. नाहीतर उत्तर प्रश्नातच लपलेले असते.

यानंतर येते ती या इतिहासातील सर्वांत रंजक गोष्ट : फसव्या रेणूंची. चाळणीची परीक्षा घ्यायची तर गुणकारी रेणूंमध्ये निरुपयोगी रेणू मिसळावे लागतात. पण निरुपयोगी म्हणून कोण घ्यावेत?

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराची कल्पना करावी. एखाद्याने सांगितले की त्याचे यंत्र निर्यातीचा माल अचूक ओळखते. परीक्षेसाठी दिलेले चांगले टोमॅटो सगळे मोठे आणि खराब सगळे बारीक. यंत्राने शंभरपैकी शंभर गुण मिळवले. त्याला चव, साल, गर यांतले काही कळते का? छे, ते नुसते आकार मोजते. डॉकिंगचे अनेक कार्यक्रम नेमके हेच करत होते. रेणू जितका मोठा, तितके प्रथिनाशी त्याचे स्पर्श अधिक आणि तितके गुण अधिक. फसवे रेणू लहान निवडले की कुठलाही कार्यक्रम शहाणा ठरे. २००४ मध्ये मार्सेल व्हर्डोंक आणि सहकाऱ्यांनी या कृत्रिम यशाकडे स्पष्टपणे बोट दाखवले.

२००६ मध्ये हुआंग, शॉइकेट आणि आयर्विन यांनी ‘डीयूडी’ नावाचा कसोटी-संच सर्वांसाठी खुला केला : ४० प्रथिने, २,९५० गुणकारी रेणू आणि प्रत्येक गुणकारी रेणूमागे ३६ फसवे. फसवा रेणू वजनाने, पाण्या-तेलातील ओढीने, हायड्रोजन-बंधांच्या संख्येने गुणकारी रेणूसारखाच, पण बांधणीने वेगळा. टोमॅटोच्या भाषेत, चांगले आणि खराब आता एकाच मापाचे. २०१२ मध्ये त्याची मोठी आवृत्ती आली : १०२ प्रथिने, २२,८८६ गुणकारी रेणू आणि प्रत्येकामागे ५० फसवे. जगभरच्या संशोधकांना प्रथमच एक सामाईक आखाडा मिळाला.

आणि मग त्या आखाड्यातच खड्डा सापडला. कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रम या संचावर डोळे दिपवणारे गुण मिळवू लागले. २०१९ मध्ये काही संशोधकांनी एक साधा, जवळजवळ खोडकर प्रयोग केला. कार्यक्रमाला शिकवताना त्यांनी प्रथिन काढूनच टाकले. कुलूप नाही, नुसत्या किल्ल्या. तरी गुण जवळजवळ तेवढेच! म्हणजे यंत्र कुलूप-किल्लीची जोडी शिकलेच नव्हते. फसवे रेणू ‘बांधणीने वेगळे’ निवडण्याची जी रीत होती, तिचाच ठसा त्याने ओळखला होता. बाजारातल्या भाषेत सांगायचे तर त्याने टोमॅटो पाहिले नाहीत, क्रेटचा रंग पाहिला. २००६ मध्ये एक दोष टाळण्यासाठी योजलेला उपाय तेरा वर्षांनी दुसऱ्या दोषाची वाट झाला. याबद्दल मूळ कर्त्यांना दोष देणे योग्य नाही. त्यांनी संच खुला ठेवला होता, म्हणूनच खड्डा सापडला.

गुण मोजण्याची रीतही भुलवते. समजा एक लाख रेणू आहेत, त्यांत शंभर गुणकारी, आणि प्रयोगशाळेला परवडतात फक्त एक हजार तपासण्या. डोळे मिटून हजार उचलले तर सरासरी एक गुणकारी रेणू हाती येईल. चाळणीने वीस दिले तर ती वीसपट उपयोगी. पण बरेच जण संपूर्ण यादीवर मिळून एकच सरासरी गुण सांगतात. एका चाळणीने निम्मे गुणकारी रेणू अगदी वर आणि निम्मे अगदी तळाला टाकले. दुसरीने सगळे कसेही विखुरले. त्या सरासरी मापाने दोघींना सारखेच ०.५ गुण मिळतात. प्रयोगशाळेच्या दृष्टीने मात्र पहिली सोन्याची आणि दुसरी मातीची. म्हणून यादीच्या वरच्या टोकाला काय मिळाले, हे वेगळे सांगावेच लागते. २००७ मध्ये त्रुशों आणि बेली यांनी वरच्या टोकाला अधिक वजन देणारे मापही सुचवले.

एका प्रथिनावर दहा गुणकारी रेणू. एका कार्यक्रमाने चार वर आणले, दुसऱ्याने तीन. एवढ्यावर ‘आमची पद्धत तेहतीस टक्क्यांनी सरस’ असे लिहिणारे निबंध निघाले आहेत. नाणे दहा वेळा उडवून चार आणि तीन छाप यावेत, इतकाच त्याचा अर्थ. अजय जैन आणि अँथनी निकल्स यांनी २००८ मध्ये पद्धतींच्या तुलनेविषयी शिफारशी लिहिल्या, तेव्हा त्यांचा भर याच बाबींवर होता : अनेक प्रथिने घ्यावीत, चुकीची मर्यादा प्रत्येक आकड्यासोबत द्यावी, वापरलेले रेणू आणि रचना जशाच्या तशा इतरांना द्याव्यात आणि उत्तर माहीत नसलेल्या स्थितीची जितकी नक्कल होईल तितकी करावी.

याच्या आधी, २००६ मध्येच, ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीत एक मोठी तुलना झाली होती. ग्रेगरी वॉरेन आणि सहकाऱ्यांनी १० डॉकिंग कार्यक्रम आणि ३७ गुणांकन-रीती ८ प्रथिनांवर तपासल्या. प्रत्येक कार्यक्रम चालवला तो त्या कार्यक्रमात मुरलेल्या माणसाने. ही बाब किरकोळ वाटते, पण तीच सर्वांत न्याय्य आहे. एरवी निबंधकार आपला कार्यक्रम महिनाभर घासूनपुसून लावतात आणि प्रतिस्पर्ध्याचा पेटीतून काढला तसाच चालवतात. त्या तुलनेचा निकाल कुणालाच सुखावणारा नव्हता. रेणू खोबणीत कसा बसतो, हे अनेक कार्यक्रम ठीक सांगत होते. तो किती घट्ट बसतो, हे कोणीही विश्वासार्हपणे सांगू शकले नाही. आणि सर्व प्रथिनांवर पहिला येणारा एकही नव्हता.

जुन्नर तालुक्यातच, खोडदला, जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. तेथे अनोळखी आकाशाकडे पाहण्याआधी दुर्बीण अशा स्रोताकडे वळवतात, ज्याची तेजस्विता आधीपासून ठाऊक आहे. आधी माहीत असलेले नीट दिसते का ते पाहायचे, मग माहीत नसलेल्यावर बोलायचे. डॉकिंगमध्येही याचा प्रतिरूप नियम आहे, आणि तो सर्वांत जास्त मोडला जातो : नव्या, खर्चिक पद्धतीला आधी एखाद्या बाळबोध पद्धतीशी लढवावे. नुसत्या वजनाने रेणू लावले तर किती गुण मिळतात? नुसते ज्ञात औषधाशी साम्य पाहिले तर किती? बाळबोध पद्धतच जिंकली, तर महासंगणकाचे ते तास कशासाठी जाळले, याचे उत्तर द्यावे लागते.

उत्तर खरोखरच लपवून घेतलेल्या परीक्षाही झाल्या. प्रथिनांच्या घड्या ओळखण्यासाठी १९९४ पासून ‘कॅस्प’ स्पर्धा होते : रचना प्रयोगशाळेत उलगडलेली असते, पण स्पर्धक उत्तर पाठवीपर्यंत ती प्रसिद्ध केली जात नाही. डॉकिंगसाठी ‘डी-३-आर’ या नावाने तशीच आव्हाने २०१५ पासून काही वर्षे घेतली गेली. अलीकडे, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पोझबस्टर्स’ या तपासणीने नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्यक्रमांना एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारला : तुमच्या उत्तरातील रेणू रसायनशास्त्राप्रमाणे संभवतो तरी का? काही कार्यक्रमांच्या उत्तरांत अणू एकमेकांत घुसलेले होते आणि बंध भलत्याच लांबीचे. जागा बरोबर, वस्तू अशक्य.

२०२० मध्ये करोनाची साथ आली आणि हा सगळा इतिहास अचानक घराघरांत पोहोचला. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधशोधाची खुली हॅकेथॉन जाहीर केली. हजारो विद्यार्थ्यांनी घरी बसून डॉकिंग शिकले, हा त्या वाईट वर्षातील एक चांगला ठेवा. त्याच काळात गुळवेल, हळद, हिरडा यांतील द्रव्ये विषाणूच्या प्रथिनाला ‘घट्ट बसतात’ असे सांगणाऱ्या निबंधांचा पूर आला. त्यांतील कित्येकांत एक प्रथिन, एक कार्यक्रम आणि एक आकडा, एवढेच असे. फसवे रेणू नाहीत, तुलना नाही, प्रयोगशाळेतील पडताळा नाही. हिरड्यातील टॅनिन मोठ्या आकाराचे रेणू आहेत आणि मोठ्या रेणूंना गुण आपोआप चढतात, हे २००४ पासून छापून आलेले सत्य त्या आकड्यांशेजारी क्वचितच लिहिले गेले. भीमाशंकरच्या उतारावर बाळहिरडा वेचणाऱ्या माणसाला त्या आकड्याने काही दिले नाही, रुग्णालाही नाही.

नरक्याच्या बाबतीत मात्र संगणकाच्या आधीच, खऱ्या प्रयोगांनी सिद्ध झालेला गुण होता, आणि त्याची किंमत झाडाने मोजली. कॅम्प्टोथेसिन प्रयोगशाळेत बनवता येते, पण ते इतके खर्चिक आहे की कच्चा माल आजही मुख्यतः झाडांतूनच येतो. द्रव्य खोडात, सालीत आणि मुळांतही असते. त्यामुळे पाने खुडून भागत नाही, झाड तोडावे किंवा उपटावे लागते. महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावर नरक्याच्या चोरट्या तोडीचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. आता संशोधनाचा एक प्रवाह वेगवेगळ्या डोंगरांवरील नरक्याच्या झाडांत द्रव्य किती भरते, हे मोजून अधिक कसाची झाडे लागवडीसाठी निवडण्याकडे वळला आहे. या तुलनेतही झाडाचे वय, हंगाम, साल की मूळ, वाळवण्याची रीत आणि काढलेल्या अर्काचे मोजमाप सर्व ठिकाणी एकच ठेवावे लागते. हिवऱ्याच्या बागेत खुरासानी ओव्याच्या वाफ्यांपुढे उभ्या राहिलेल्या गिब्सनलाही नेमके हेच ठरवावे लागले असते.